बंदरापलीकडचे कर्म

वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या मध्ये पसरलेल्या यवतमाळ जिल्ह्यापासून अरबी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, आणि तरीही गेल्या दीडशे वर्षांत या जिल्ह्यातील शेतकऱ्याचे सुखदुःख जितके पावसावर तितकेच जहाजांवर अवलंबून राहिले आहे. आजही जगात एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या मालापैकी, आकारमानाने मोजल्यास, ऐंशी टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गेच जातो. त्यामुळे बंदर हे केवळ किनाऱ्यावरच्या लोकांचे साधन राहत नाही, तर ज्यांनी समुद्र कधी पाहिलाही नाही अशा लोकांच्या चुलीपर्यंत त्याचा हात पोचलेला असतो. या परिस्थितीतून जो प्रश्न उभा राहतो तो अर्थशास्त्राचा जितका आहे तितकाच धर्मविचाराचा आहे. माणसाने केलेल्या कृतीचे फळ समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाला भोगावे लागत असेल, तर ते कर्म कोणाचे, त्याचे उत्तरदायित्व किती दूरपर्यंत जाते, आणि ज्याला ते भोगावे लागते त्याने त्याला प्रारब्ध म्हणावे काय?

समुद्राविषयी धर्मशास्त्राची भूमिका सर्वांना ऐकून माहीत असते, पण तिच्यातील विसंगतीकडे क्वचितच लक्ष जाते. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाची गणना पतनीय, म्हणजे माणसाला त्याच्या वर्णापासून खाली आणणाऱ्या, कर्मांत केली आहे. मनुस्मृतीने समुद्रावर जाणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंक्तीस अपात्र ठरवले आहे. पुढे मध्ययुगीन निबंधकारांनी जी कलिवर्ज्ये सांगितली, म्हणजे पूर्वी मान्य असूनही कलियुगात टाळावयाच्या ज्या गोष्टींची यादी केली, तीत नौकेने समुद्र ओलांडलेल्या द्विजाला प्रायश्चित्तानंतरही जातीत परत न घेण्याचा नियम आला. मात्र त्याच मनुस्मृतीत, समुद्रप्रवासात कुशल आणि देश, काल व माल जाणणारे व्यापारी कर्जाचा जो दर ठरवतील तो प्रमाण मानावा असेही सांगितले आहे. बौधायनानेही समुद्रगमन हा उत्तरेकडील लोकांचा आचार म्हणून नोंदवला आहे. म्हणजे शास्त्राला समुद्रव्यापार अज्ञात नव्हता, आणि त्यातून येणारे धन त्याज्यही नव्हते. दोष मानला गेला तो देहाच्या प्रवासाला, आणि तोही मुख्यतः वरच्या वर्णाच्या देहाच्या. माल समुद्र ओलांडून गेला तर त्याला प्रायश्चित्त नव्हते, आणि परत आलेल्या सोन्याला पंक्तीत बसण्यापासून कोणी अडवले नाही.

एकोणिसाव्या शतकात हा वाद महाराष्ट्रात पुन्हा पेटला तेव्हाही त्याचा रोख देहावरच राहिला. गांधी १८८८ साली विलायतेस निघाले तेव्हा मुंबईतील त्यांच्या मोढ वाणी जातीने त्यांना बहिष्कृत केले, आणि १८९१ साली परतल्यावर ज्येष्ठ बंधूंनी त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले, ही गोष्ट त्यांच्या आत्मचरित्रात आहे. ज्या दशकात एका विद्यार्थ्याच्या समुद्रप्रवासाची शुद्धी करावी लागत होती त्याच दशकात यवतमाळसह सगळ्या वऱ्हाडातील कापसाच्या असंख्य गाठी मुंबई बंदरातून जात होत्या, आणि त्या गाठींबरोबर काय जाते, कोणाचे जाते, हे कोणत्याही धर्मसभेने विचारले नाही. देहाच्या प्रवासाचा प्रश्न पुढे आपोआप मिटला. यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे जन्मलेले, संस्कृतचे व्यासंगी पंडित आणि लोकनायक म्हणून ओळखले गेलेले माधव श्रीहरी अणे १९४३ साली भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले तेव्हा त्यात शास्त्रबाह्य असे काही आहे असे कोणाच्या मनातही आले नाही. मालाच्या प्रवासाचा प्रश्न मात्र विचारलाच गेला नव्हता, म्हणून तो मिटण्याचाही संभव नव्हता.

रेल्वे येण्यापूर्वी या प्रदेशाचा समुद्राशी संबंध लमाणांच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या, तांड्यांमार्फत येत असे. पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे हे तांडे किनाऱ्याकडून मीठ आणत आणि वऱ्हाडचा कापूस व धान्य बाहेर नेत. कापूस तर गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंतही जात असे, आणि या वाहतुकीला ते लदेणी म्हणत. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड या भागांत आज जो बंजारा समाज मोठ्या संख्येने आहे, ज्यातून पुढे वसंतराव नाईकांसारखा मुख्यमंत्री निघाला, त्याची मुळे या व्यापारात आहेत. लदेणीच्या व्यापारात माल हळू जात असे, थोडा जात असे, आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला हे निदान वाटेवरच्या लोकांना ठाऊक असे. त्या काळी शोषण नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल, पण शोषण करणाऱ्याला तोंड होते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, आणि १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन तेथील बंदरांची नाकेबंदी झाली तेव्हा इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्या चार वर्षांत मुंबईत कापसाचे भाव कल्पनेपलीकडे चढले, शेअरबाजारात उन्माद आला, आणि १८६५ साली युद्ध संपताच सगळे कोसळले. भाव का चढला आणि का पडला हे कळण्याचे कोणतेही साधन वऱ्हाडातील कुणब्याजवळ नव्हते. व्हर्जिनियातील लढाई कोणी जिंकली यावर आपल्या घरातील लग्न होईल की नाही हे ठरते, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नाही. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग नागपूरला पोचला, १८६९ च्या नोव्हेंबरात सुवेझ कालवा खुला झाल्याने आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज संपली, आणि १८७० साली समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. यवतमाळचा कापूस बैलगाड्यांतून धामणगाव स्थानकावर येई. १९०३ साली मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फूट रुंदीची अरुंद रेल्वे सुरू झाली, तिला पुढे लोकांनी प्रेमाने शकुंतला म्हटले. किलिक निक्सन या मुंबईतील ब्रिटिश व्यापारी कंपनीने ही गाडी उभारली ती मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठी, आणि तिला कित्येक दशके ओढणारे वाफेचे इंजिनही लँकेशायरच्याच मँचेस्टरमध्ये बनलेले होते. प्रवाशांना ती उपयोगी पडली हे खरे, परंतु तिची दिशा बंदराची होती.

या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून पडलेल्या ‘उमरा’ या प्रतीने ओळखले जाई, जसे हिंगणघाट आणि भडोच या नावांच्याही प्रती होत्या. धागा आखूड असल्याने लँकेशायरला हा कापूस फारसा पसंत नव्हता. नंतरच्या काळात तो मुंबईच्या गिरण्यांत, युरोपखंडात आणि जपानात अधिक गेला. तात्त्विक दृष्टीने महत्त्वाचे ते प्रतवारीचे शास्त्र. शेतातून निघालेल्या कापसातून जिनिंगमध्ये सरकी वेगळी होऊन रुई उरते, ती प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधली जाते, आणि त्या क्षणी शंभर शेतकऱ्यांचा कापूस एकमेकांत मिसळून केवळ एका प्रतीचा नमुना होतो. प्रदेशाचे नाव उरते आणि माणसाचे पुसले जाते. पुढे वायद्याचे सौदे, म्हणजे अजून न पिकलेल्या मालाचे भविष्यातील तारखेसाठी होणारे खरेदी-विक्रीचे करार, रूढ झाल्यावर कापूस पाहण्याचीही गरज उरली नाही. दरम्यान वऱ्हाडात ज्वारीखालची जमीन कापसाकडे वळत गेली, आणि १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांत असे दिसले की ज्या प्रदेशातून रेल्वे आणि जहाजे माल भरभरून नेत होती तेथील मजुरांजवळ धान्य विकत घेण्याइतके पैसे नव्हते. पावसाने दगा दिला हे खरेच होते. पण पोटाचे धान्य सोडून विकण्याचे पीक घेण्याची जी सवय लागली होती ती पावसाने लावलेली नव्हती.

येथे भारतीय विचारातील तापत्रयाची कल्पना अत्यंत उपयोगी पडते. सांख्यांनी दुःखाचे तीन प्रकार केले आहेत: स्वतःच्या देहमनातून उठणारे ते आध्यात्मिक, इतर प्राण्यांपासून व माणसांपासून होणारे ते आधिभौतिक, आणि दैवी किंवा निसर्गाच्या शक्तींमुळे ओढवणारे ते आधिदैविक. वारकरी संप्रदायाच्या प्रवचनांतून हे तीन ताप खेड्यापाड्यांत पोचले आहेत, आणि म्हणूनच त्यांचा नेमका वापर करण्यास कोणतीही अडचण नाही. पावसाने ओढ दिली, बोंडे गळाली, गारपीट झाली, तर तो ताप आधिदैविक. भाव पडला तर तो ताप कोणता? यवतमाळच्या बाजार समितीच्या आवारात भाव पडला म्हणजे ‘नशीबच फुटके’ असा शब्द सहज निघतो, आणि पाऊस व भाव या दोहोंना एकच नाव मिळते. हे नाव देणे ही विचाराची गंभीर चूक आहे, आणि ती केवळ आर्थिक नसून धार्मिक चूक आहे, कारण माणसाने केलेले कर्म तीत देवाच्या माथी मारले जाते. भाव हा कोणीतरी, कोठेतरी, काही जाणून घेतलेल्या निर्णयांचा परिणाम असतो. २००२ साली ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध तक्रार केली ती हेच दाखवण्यासाठी, की अमेरिकी सरकार आपल्या कापूस उत्पादकांना जे अनुदान देते त्यामुळे जगातील इतर शेतकऱ्यांना मिळणारा भाव खाली येतो. निकाल मुख्यतः ब्राझीलच्या बाजूने लागला. त्या काळात यवतमाळ जिल्हा शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला होता, आणि २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. आत्महत्येची कारणे अनेक असतात, आणि एका कारणाकडे बोट दाखवणे मेलेल्यांवर अन्याय करणारे ठरेल. पण त्या कारणांत एकही कारण समुद्रापलीकडचे नव्हते असे म्हणणे त्याहून मोठा अन्याय आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. कर्मसिद्धान्ताप्रमाणे फळ कर्त्याला चिकटते, आणि सागरी व्यापारात कर्ता सापडतच नाही: शेतकऱ्याने विकले, अडत्याने मध्यस्थी केली, जिनवाल्याने गाठ बांधली, निर्यातदाराने कागद केले, जहाजाने वाहिले, गिरणीने कातले, दुकानाने विकले आणि ग्राहकाने अंगावर घातले. प्रत्येकाने आपले छोटेसे काम नियमाने केले, मग अधर्म कोणाच्या नावे लिहावा? या आक्षेपाचे उत्तर आधुनिक नीतिशास्त्रात शोधण्याची गरज नाही, कारण ते मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातच आहे. प्राण्याच्या हत्येविषयी बोलताना तेथे केवळ मारणाऱ्याला घातक म्हटलेले नाही. संमती देणारा, अवयव तोडणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा या सर्वांना तो शब्द लावला आहे. जैन विचारानेही कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, करवलेले आणि मान्य केलेले, असे कर्माचे तीन प्रकार मानून तिन्हींतून बंध होतो असे सांगितले आहे. कर्म अनेकांत वाटले गेले म्हणजे ते विरघळते, हा समज या परंपरेने स्वीकारलेला नाही. ज्या ग्रंथाने समुद्रावर गेलेल्या देहाला पंक्तीबाहेर बसवले त्याच ग्रंथाने मालाच्या साखळीतील प्रत्येक हाताला जबाबदार धरण्याचे सूत्रही दिले होते, आणि लोकांनी पहिले जपले व दुसरे ताटातील मांसापुरतेच ठेवले, ही आपल्या धर्मविचारातील मोठी खंत आहे.

पूर्वमीमांसकांनी यज्ञ आज केला आणि स्वर्ग मृत्यूनंतर मिळाला तर मधल्या काळात ते कर्म कोठे राहते या प्रश्नाला उत्तर म्हणून ‘अपूर्व’ नावाची एक न दिसणारी शक्ती मानली, जी कर्म आणि फळ यांना जोडून ठेवते. सागरी व्यापारातही कर्म आणि फळ यांच्यात मोठे अंतर आहे, फरक इतकाच की येथला दुवा स्वभावतः अदृश्य नाही. तो कागदावर लिहिलेला असतो. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती, जी मालकीचा दाखला म्हणूनही चालते, विम्याचे पत्र, बँकेचे पतपत्र, सीमाशुल्काची नोंद: एका गाठीचा प्रवास जितका लिहिला जातो तितका एखाद्या राजाचा प्रवासही पूर्वी लिहिला गेला नसेल. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन याने ५८ पेट्या घेऊन पहिले कंटेनर जहाज सोडले, तेव्हापासून ही लिखापढी अधिकच काटेकोर झाली, आणि १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात आज प्रत्येक कंटेनर त्याच्या क्रमांकाने क्षणात सापडतो. माल सापडतो आणि माणूस सापडत नाही, याचा अर्थ तो शोधला जात नाही एवढाच आहे. जे लिहिलेले आहे पण दाखवले जात नाही त्याला अदृष्ट म्हणू नये.

महाभारताच्या शांतिपर्वातील तुलाधार आणि जाजली यांची कथा या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. जाजली समुद्रकाठी घोर तप करतो, इतका निश्चल राहतो की त्याच्या जटांत पक्षी घरटे करतात, आणि आपल्याइतका धर्म कोणाला कळला नाही असे त्याला वाटते. तेव्हा त्याला वाराणसीतील तुलाधार नावाच्या दुकानदाराकडे जाण्यास सांगितले जाते. तुलाधार सुगंधी द्रव्ये, वनस्पती व रस विकतो, आणि सांगतो की त्याचा तराजू सर्व भूतांसाठी सारखा आहे. विशेष म्हणजे तो शेतीलाही सूट देत नाही. नांगराच्या फाळाखाली मरणारे जीव आणि जुंपलेल्या बैलांचे दुःख तो मोजतो. व्यापारी हा धर्माचा गुरू होऊ शकतो, आणि किनाऱ्यावरचा तपस्वी त्याचा शिष्य, हे या कथेचे धाडस आहे. पण तुलाधाराच्या धर्माची एक अट कथेत न सांगताच गृहीत धरलेली आहे: घेणारा त्याच्यासमोर उभा आहे, आणि तराजू दोघांच्या दृष्टीसमोर आहे. एक पारडे यवतमाळात आणि दुसरे शांघाय किंवा न्यूयॉर्कमध्ये असेल तर समतोल कोण पाहणार, हा प्रश्न तुलाधारापुढे आला नव्हता.

परंपरेने दूरच्या धनाची शुद्धी करण्याचा जो मार्ग अधिक वापरला तो दानाचा. नाशिकच्या लेण्यातील उषवदात या प्राचीन दात्याच्या शिलालेखात भिक्षूंच्या वस्त्रांसाठी विणकरांच्या श्रेणीकडे व्याजाने ठेवलेल्या रकमेची नोंद आहे; कान्हेरीच्या लेण्यांना सोपारा व कल्याण या बंदरांतील लोकांनी दाने दिली; आणि १८६० च्या दशकातील कापसाच्या तेजीत धनाढ्य झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा उभा राहिला. ही दाने थोर आहेत. तरी एक गोष्ट नोंदवावी लागते की कापसाचे दान बंदरापाशीच थांबले आणि कापूस पिकवणाऱ्या गावांपर्यंत मागे आले नाही. दान देणाऱ्याच्या इच्छेवर असते, तर शतपथ ब्राह्मणाने देव, ऋषी व पितर यांच्याबरोबर मनुष्यांचेही जे ऋण सांगितले आहे ते माणसाच्या इच्छेवर नसते. समुद्रापलीकडून आलेल्या लाभाला ऋण मानायचे की त्यातून दान करायचे, या निवडीवर सगळे अवलंबून आहे, आणि येथे ऋणाच्याच बाजूने उभे राहावे लागते.

हे सर्व भूतकाळाचे नाही. २०२१ च्या अर्थसंकल्पाने कापसाच्या आयातीवर एकूण ११ टक्के शुल्क बसवले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकेने भारतीय मालावर जबर कर लावल्यानंतर, कापड उद्योगाला दिलासा म्हणून ते तात्पुरते उठवले गेले आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली गेली, म्हणजे नेमकी यवतमाळात वेचणी सुरू होऊन कापूस बाजारात येण्याच्या काळात. कापड कारखान्यातील कामगाराची रोजी वाचवणे हा निर्णयाचा हेतू असेल, आणि तोही धर्मच आहे. पण त्या धर्माची किंमत कोणी चुकवली हे त्याच निर्णयात लिहिले जायला हवे होते. उलट दिशेनेही बंदरातून बरेच काही येते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले आणि शेकडो रुग्णालयात गेले. पुढे काही पीडित कुटुंबांनी कीटकनाशक कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमधील बासेल येथील न्यायालयाकडे दाद मागितली. त्या दाव्याचा निवाडा न्यायालयाचा विषय आहे. धर्मविचाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे ते हे, की यवतमाळच्या या कुटुंबांनी आपल्या दुःखाला आधिभौतिक म्हणण्याचे धैर्य केले, आणि त्यासाठी समुद्रापलीकडच्या माणसांना प्रश्न विचारला.

असा प्रश्न स्वतः जाऊन ऐकण्याचे एक ठळक उदाहरण इतिहासात आहे. १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधी लँकेशायरमधील डार्वेन येथे गेले, जेथे भारतातील विदेशी कापडाच्या बहिष्काराने गिरणीकामगारांची बेकारी वाढली होती. नाशिकच्या गोदावरीत ज्याच्या समुद्रप्रवासाचा दोष धुतला गेला होता तोच माणूस चाळीस वर्षांनी पुन्हा समुद्र ओलांडून, आपल्या कर्माचे फळ ज्यांना भोगावे लागले त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याने बहिष्कार मागे घेतला नाही, भारतातील दारिद्र्य त्यांच्या दारिद्र्याहून किती खोल आहे हे स्पष्ट सांगितले, आणि त्यांचे म्हणणेही ऐकून घेतले. बहिष्काराने ज्यांचे नुकसान झाले त्यांना तो दैवाच्या हवाली करू शकला असता, आणि बहिष्काराचे समर्थन तरीही तितकेच भक्कम राहिले असते. त्याने ते केले नाही.

भारतीय कापूस महामंडळ आता आपल्या गाठींवर क्यूआर कोड लावते, ज्यावरून गाठ कोणत्या खरेदीची आणि कोणत्या कारखान्यात दाबलेली हे विकत घेणाऱ्याला पाहता येते. उमरा या एका शब्दात जिल्हेच्या जिल्हे बुडवणाऱ्या जुन्या प्रतवारीच्या मानाने हे पाऊल पुढचे आहे, आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. परंतु ही नोंद अजून एकाच दिशेने वाचता येते: ग्राहकाला गाठीचा माग लागतो, तर दारव्ह्याच्या किंवा पांढरकवड्याच्या ज्या शेतकऱ्याने कापूस विकला त्याला ती गाठ कोणत्या बंदरातून कोठे गेली, तिथे तिला काय भाव आला आणि त्या भावातील किती वाटा त्याच्यापर्यंत पोचला हे कळत नाही, जरी ते सारे त्याच साखळीत कोठे ना कोठे लिहिलेले असते.